मेजावरचा वेढा

इंग्रज कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न याने १७५९ ते १७६७ या वर्षांत एकेक खंड करून प्रसिद्ध केलेल्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या विक्षिप्त ग्रंथात टोबीकाका नावाचे एक सेवानिवृत्त कप्तान आहेत. १६९५ साली नामूरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने तटाच्या कठड्याचा एक दगड उडून त्यांच्या जांघेत बसला आणि त्यांची चाकरी संपली; परंतु समाचाराला येणारा प्रत्येक गृहस्थ जखम नेमकी कोठे झाली असे विचारू लागला, तेव्हा खंदक, बुरूज आणि त्यांच्यामधील आडवळणे यांचे वर्णन करता करता त्या सरळ मनाच्या पुरुषाची अशी तारांबळ उडू लागली की, अखेरीस त्यांनी नामूरचा नकाशाच मागविला. नकाशानेही भागेना, म्हणून ट्रिम नावाच्या आपल्या इमानी हुजऱ्याच्या मसलतीने ते खेड्यातील घरी जाऊन राहिले आणि परसबागेमागील हिरवळीवर प्रमाणशीर तट, खंदक व मोर्चे उभारून फ्लँडर्समध्ये इंग्रज सेनापती मार्लबरो याच्या फौजा ज्या ज्या शहरास वेढा घालीत त्या त्या शहराचा वेढा, हाती सरकारी गॅझेट घेऊन, ते घरबसल्या चालवू लागले. ट्रिमने घराण्यातील जुन्या लष्करी बुटांच्या उखळी तोफा केल्या, तंबाखूच्या नळ्यांतून धूर काढून तोफांच्या सरबत्तीचा भास उत्पन्न केला, आणि तोफा ओतण्यास शिसे हवे म्हणून खिडकीची वजने काढून नेली. त्यामुळे ती खिडकी अवेळी खाली येऊन कथानायकास बालवयातच जो प्रसाद मिळाला, त्याचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही. १७१३ साली उट्रेक्टचा तह झाला आणि टोबीकाकांचा खेळ आटोपला.

वेढ्याच्या खेळाचे याहून मार्मिक चित्र मी अन्यत्र वाचलेले नाही. या खेळात हरणे किंवा जिंकणे खेळणाऱ्यांच्या हाती मुळीच नाही. मोर्चा किती हात पुढे सरकला आणि तट कोणत्या बाजूने ढासळला, याचा निवाडा टपालाने येतो. म्हणजे खेळणारे दोन आणि निर्णय सांगणारे गॅझेट तिसरे. मेजावर गड मांडून त्यावर हल्ला चढविण्याचा जो छंद पुढे युरोपात आणि अमेरिकेत वाढला, आणि ज्यातून पाचसहा मित्रांनी एकेका काल्पनिक वीराचा वेष मनाने घेऊन तासन्‌तास खेळावयाचे भूमिकांचे खेळ जन्मास आले, त्याचा सारा इतिहास माझ्या मते या तिसऱ्याच्या शोधाचा इतिहास आहे.

मैदानावरील लढाई दोघांत खेळता येते, हे बुद्धिबळाने केव्हाच सिद्ध केले आहे. पटावर जे आहे ते उभयतांना सारखेच दिसते, लपविण्यासारखे काही असेल तर ते डोक्यात. (आपण ज्याला हत्ती म्हणतो त्या मोहऱ्याला युरोपात बुरुजाचा आकार मिळाला; चालता बुरूज ही कल्पना कोणत्याही गवंड्याला मान्य होणार नाही, पण बुद्धिबळात वेढा बसू शकत नाही याचे ते एक सुरेख निदर्शन आहे.) वेढ्याची गोष्ट निराळी. त्यात जे जे महत्त्वाचे ते ते दृष्टीआड असते. सुरुंग जमिनीखालून येतो, दाणागोटा कोठारात असतो, विहिरीला पाणी किती उरले हे आतल्यांनाच ठाऊक, आणि किल्लेदाराच्या मनात फितुरी शिरली आहे की काय हे कधीकधी त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ही गुपिते एकमेकांपासून राखून शिवाय प्रामाणिकपणे खेळावयाचे, हे दोन प्रतिस्पर्ध्यांना साधणारे काम नव्हे. दोन्हीकडचे जाणणारा आणि कोणाचाच नसलेला एक मनुष्य तेथे लागतोच.

असा मनुष्य नसला, किंवा असून त्याचे कोणी ऐकले नाही, तर काय होते याचा दाखला मध्ययुगातच मिळतो. इटलीतील त्रेव्हिझो येथे १२१४ साली एक लटका गड उभारण्यात आला होता. त्याचे तट दगडांऐवजी लोकरी कातड्यांचे आणि रेशमी व जरतारी वस्त्रांचे होते, त्याची शिबंदी कुलीन स्त्रियांची होती, आणि शेजारच्या नगरांतून आलेले तरुण त्यावर फळे, फुले, अत्तरे आणि मसाल्याचे जिन्नस यांचा मारा करीत होते. त्या माऱ्यात वेलदोडे आणि दालचिनीही होती असे तेथील वृत्तान्तकार लिहितो. आपल्या दक्षिणेकडील किनाऱ्यावरून गेलेला मसाला युरोपात शस्त्र म्हणून वापरला गेल्याचा हा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे. परंतु प्रथम दरवाजातून कोण शिरणार यावरून पादुआ आणि व्हेनिस येथील तरुणांत बाचाबाची झाली, व्हेनिसचे निशाण फाडले गेले आणि फुलांच्या वेढ्यातून दोन नगरांचे खरे युद्ध उद्भवले. प्रेमाच्या गडाचा हा वेढा पुढे चौदाव्या शतकात हस्तिदंती आरशांच्या पाठीवर मोठ्या नजाकतीने कोरला जाऊ लागला. कोरीव कामात मात्र भांडण दिसत नाही.

खरा वेढा कसा असे हे पाहावयाचे तर त्रेव्हिझोच्या दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात रॉचेस्टर येथे जे घडले ते पाहावे. जॉन राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांची शिबंदी तेथील उत्तुंग चौकोनी बुरुजात कोंडली होती, आणि ऑक्टोबर १२१५ पासून सुमारे सात आठवडे राजा स्वतः तळ देऊन बसला होता. दगड भिरकावणाऱ्या यंत्रांनी कार्यभाग होईना, तेव्हा त्याने बुरुजाच्या दक्षिणेकडील कोपऱ्याखाली भुयार खणविले, वरचे ओझे लाकडी खांबांवर तोलून धरले आणि आपल्या मुख्य न्यायाधिकाऱ्यास लिहिले की, खाण्यास निरुपयोगी पण चरबीने माजलेली चाळीस डुकरे रातोरात पाठवून द्यावीत. त्या चरबीच्या आगीत खांब जळाले आणि कोपरा कोसळला. खेळातील वेढा येथे संपला असता. प्रत्यक्षात तो संपला नाही. बुरुजाच्या पोटात जी मधली भिंत होती तिच्या आडोशाने शिबंदी पुन्हा भांडू लागली, घोडे मारून खाऊ लागली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती शरण आली ती भुकेने. पुढे तो कोपरा पुन्हा बांधला गेला तेव्हा नव्या पद्धतीने वाटोळा बांधला गेला, त्यामुळे रॉचेस्टरच्या बुरुजाचे तीन कोपरे चौकोनी आणि चौथा गोल अशी विसंगती आजही पाहावयास मिळते. १२६६ साली केनिलवर्थचा वेढा तर सुमारे सहा महिने चालला आणि त्याचाही शेवट उपासमार, रोगराई आणि अटींची घासाघीस यांतच झाला. शिड्या, चाकांवरचे लाकडी बुरूज आणि दार फोडणारे ओंडके हे वेढ्याचे अलंकार होत; त्याचा देह वाट पाहण्याचा असतो.

तेव्हा हा वाट पाहण्याचा आणि लपविण्याचा व्यवहार मेजावर आणावयाचा कसा, हा प्रश्न जर्मन बुद्धीने हाती घ्यावा हे स्वाभाविकच होते. ब्राउनश्वाइगच्या दरबारात राजसेवेतील मुलांना शिकविणारा हेलविग याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवीत वाढवीत सोळाशेहून अधिक घरांचा केला आणि त्यात डोंगर, नद्या व तटबंदी यांची सोय केली. परंतु कितीही घरे वाढविली तरी पट तो पटच, आणि दोघांच्या नजरेसमोर उघडा. खरी क्रांती प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी केली. पित्याने १८१२ च्या सुमारास राजापुढे भूरचनेचे एक मेज सादर केले; तोफखान्यात अधिकारी असलेल्या पुत्राने १८२४ मध्ये चौकोनी घरे टाकून देऊन एकास आठ हजार या प्रमाणाचे लष्करी नकाशे घेतले, एक खेळी म्हणजे दोन मिनिटांचा काळ असे ठरविले, गोळीबाराचे फलित फाश्यांवर सोपविले, आणि दोन्ही पक्षांनी आपापले हुकूम लेखी स्वरूपात एका पंचाकडे द्यावेत, त्याने जे शत्रूला दिसणे शक्य आहे तेवढेच नकाशावर मांडावे, असा दंडक घातला. प्रशियाच्या सेनामुख्यालयाचा प्रमुख म्यूफलिंग हा प्रथम कंटाळलेल्या चेहऱ्याने खेळ पाहावयास बसला आणि हा खेळ नव्हे, युद्धाची शाळा आहे, अशा अर्थाचे उद्गार काढून उठला, असे सांगतात. राजाज्ञेने तो खेळ पलटणीपलटणींत गेला. त्याच्या तरुण जनकास मात्र मत्सराखेरीज फारसे काही मिळाले नाही, आणि १८२७ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले.

पंच जन्मला, पण तो अद्याप कारकून होता. कोष्टक पाहावे, फासा टाकावा, हानी वजा करावी, एवढाच त्याचा अधिकार. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनानीने कोष्टके आणि फासे दोन्ही बाजूस सारून असे प्रतिपादन केले की, ज्याने रणांगण पाहिले आहे त्याचा अनुभव हाच निवाड्याचा पुरेसा आधार आहे. कारकुनाचा न्यायाधीश झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८८० मध्ये, अमेरिकी लष्करातील टॉटन नावाच्या अधिकाऱ्याने 'स्ट्रॅटेगॉस' हा ग्रंथ लिहून तीच परंपरा अटलांटिकपार नेली. तो ग्रंथ पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ग्रंथालयांच्या फडताळांत धूळ खात पडला होता. या मधल्या काळात इंग्लंडात एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून शिशाचे शिपाई आणि लाकडी गोळ्या उडविणारी कमानीची तोफ यांचा खेळ प्रौढांच्या दिवाणखान्यात आणला, तो मोठा रंजक आहे. पण त्यात निवाडा तोफेच्या नेमाचा असल्यामुळे आपल्या विषयाला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता स्थळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतामधील लेक जिनिव्हा हे छोटे गाव, आणि साल १९६८. येथील उद्यानविद्येच्या सभागृहात गॅरी गायगॅक्स या विमा व्यवसायातील गृहस्थाने युद्धखेळाच्या षौकिनांचा एक मेळा भरविला आणि युद्धनीतीच्या प्रसिद्ध जिनिव्हा कन्व्हेन्शनवर व गावाच्या नावावर एकाच वेळी कोटी साधून त्याचे नाव जेन कॉन ठेवले. त्या मेळ्यात 'बोडेनबुर्गचा वेढा' हा खेळ मांडला गेला होता. न्यू जर्सीमधील हेन्री बोडेनस्टेट याने रचलेला आणि १९६७ मध्ये एका युद्धखेळविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा खेळ जर्मन बनावटीचा खेळण्यातला गड आणि चाळीस मिलिमीटर उंचीच्या बाहुल्या घेऊन खेळावयाचा असे. गायगॅक्सला मध्ययुगाचे वेड येथे नव्याने जडले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. १९७१ मध्ये त्याने जेफ पेरेन याच्या सहकार्याने 'चेनमेल' नावाची नियमावली काढली, आणि तिच्यात एक लहानसा पण दूरगामी फरक आहे. मैदानी लढाईच्या नियमांत एक बाहुली म्हणजे वीस माणसे. परंतु लहान चकमकी आणि गडावरील हल्ले यांसाठी म्हणून एक बाहुली म्हणजे एकच माणूस असे निराळे प्रकरण जोडलेले आहे. त्यामागील कारण सरळ आहे: शिडीवर वीस माणसे शेजारी शेजारी चढू शकत नाहीत आणि जिन्याच्या वळणावर एकच तरवार उगारता येते. मैदानात माणूस संख्येत विरघळतो, तटावर तो पुन्हा एकटा होतो. ज्या दिवशी बाहुली एका माणसाची झाली त्या दिवशी तिला नाव देण्याचा मोह आवरणे कठीण झाले असणार.

तिकडे मिनेसोटात डेव्हिड वेसेली या तरुणाला टॉटनचा धूळभरला ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला, आणि खेळाडूने काहीही करून पाहावे, त्याचे फळ पंचाने ठरवावे, हे तत्त्व त्याने उचलले. १९६९ मध्ये त्याने 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर नेपोलियनकालीन संकट आणले आणि सेनापतींबरोबर गावचा नगराध्यक्ष, सावकार व विद्यापीठाचा कुलगुरू या भूमिकाही वाटून दिल्या. लढाई सुरूच झाली नाही. सारे खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत कारस्थाने करीत बसले, वेसेलीला खेळ पुरता फसला असे वाटले, आणि मित्रांनी मात्र पुन्हा केव्हा खेळावयाचे असे विचारले. त्या मित्रांतील डेव्ह आर्नेसन याने १९७१ मध्ये 'ब्लॅकमूर' नावाचा मुलूख कल्पून मेजावर प्लास्टिकचा गड ठेवला आणि गडाखाली भुयारे खोदली. पुढची हकीकत मला फार अर्थपूर्ण वाटते. वीर मंडळी त्या भुयारांतील द्रव्याच्या लोभात अशी गुंग झाली की वरच्या गडाच्या बंदोबस्ताकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. शत्रूने गड घेतला आणि त्या सर्वांना हद्दपार होऊन दूरच्या सरोवराकाठी नवे ठाणे वसवावे लागले. आर्नेसनने गड त्यांना परत दिला नाही. टोबीकाकांच्या गॅझेटाप्रमाणे त्याचाही निवाडा अंतिम होता.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या या दोन प्रवाहांचा संगम होऊन जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ, एका पेटीत तीन पुस्तिका, अशा रूपाने बाजारात आला. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर, आणि गायगॅक्स तोपर्यंत विम्याची नोकरी गमावून पादत्राणांची दुरुस्ती करून संसार चालवीत होता. नावात गड नाही, गडाखालचे अंधारघर आहे. तरीही तिसरी पुस्तिका उघडली की बुरूज, दरवाजा, तट यांचे दर, स्थपतीचे वेतन, हेराचे वेतन, अशी एखाद्या कारखानिसाला शोभेल अशी यादी समोर येते. कारण पराक्रम गाजविलेल्या वीराने अखेर आपला मुलूख वसवून गड बांधावा आणि मोठ्या लढाया 'चेनमेल'च्या नियमांनी खेळाव्यात, अशी योजना होती. ही योजना फार थोड्यांनी पाळली. शिवाय मांत्रिकांच्या यादीत उडण्याचा मंत्र, भिंतीतून वाट काढण्याचा मंत्र आणि खडकाचा चिखल करण्याचा मंत्र असे तीन मंत्र शेजारी शेजारी नांदत असल्याने रॉचेस्टरला चाळीस डुकरांनी जे केले ते येथे एक म्हातारा हातवारे करून क्षणात करू शकत होता. मध्ययुगीन गड आणि असा मांत्रिक यांना एकाच मुलखात ठेवणे हा, माझ्या मते, या खेळाच्या रचनेतील मोठा विसंवाद आहे, आणि तो आजतागायत पुरता मिटलेला नाही.

मग अशा खेळात गडावरील हल्ला चालवावा कसा? येथे पंच हा शब्द अपुरा पडू लागतो आणि आपल्या संस्कृत रंगभूमीवरील सूत्रधार हा शब्द अधिक शोभतो. मेजाभोवती खेळाडू चारपाच, तटावर आणि तटाखाली माणसे हजार. प्रत्येकासाठी फासा टाकावयाचा तर पहाट होईल, आणि एकाच फाश्यात निकाल लावावयाचा तर खेळाडू नुसते प्रेक्षक ठरतील. जाणता सूत्रधार सैन्याचा कोलाहल पडद्यामागे ठेवतो आणि खेळाडूंच्या हाती एकेक अवघड जागा देतो. चोरदिंडीचा अडसर रात्री कोणी काढावा, शत्रूच्या भुयाराला आडवे भुयार खणून आत कोणी उतरावे, लाकडी बुरूज तटाला भिडण्यापूर्वी त्याला आग कोणी लावावी, ढासळलेल्या खिंडारात घटकाभर कोणी टिकाव धरावा, असे ते प्रश्न असतात. आणि त्यांच्या यशापयशावर पडद्यामागील हजारांचे भवितव्य तो झुकवितो. ही रीत उत्तम आहे, परंतु तिने वेढ्याचा सुलतानढवा तेवढा उरतो आणि वेढा नाहीसा होतो. केनिलवर्थचे सहा महिने 'काही काळ लोटला' या तीन शब्दांत संपतात. १२०४ मध्ये पडलेल्या शातो गाय्यार येथे किल्लेदाराने धान्य वाचविण्यासाठी आश्रित गावकऱ्यांना बाहेर काढले आणि वेढा घालून बसलेल्या फ्रेंचांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही, तेव्हा तट आणि मोर्चे यांच्यामधील उतारावर थंडीत तडफडणाऱ्या त्या जिवांचा प्रश्न कोणत्याही कोष्टकात बसत नाही; सूत्रधाराने तो विचारावयाचे ठरविले तरच तो विचारला जातो. तो विचारावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवितात, माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवितात आणि वाटांवर मावळे उभे करतात. पण त्या किल्ल्याला कोणी वेढा घालीत नाही. घरोघर इतके गड दरसाल उभे राहतात आणि एकालाही शत्रू मिळू नये, याचे मला बालपणापासून नवल वाटत आले आहे. आता आपल्याही शहरांतून तरुण मंडळी हे भूमिकांचे खेळ खेळू लागली आहेत, आणि त्यांचे गड बहुधा परक्या मुलखातले, धुक्यातले असतात. त्यांपैकी एखाद्या सूत्रधाराच्या दृष्टीस हे लिखाण पडलेच तर त्याला एवढीच विनंती की, एकदा चाकण मांडून पाहावे. चाकण हा भुईकोट. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाने त्याला छप्पन्न दिवस वेढा घातला, आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो भांडविला. खेळाडूंच्या हाती तरवारी देण्यापूर्वी कारखानिसाची वही द्यावी, रोजचा दाणा त्यांच्याच हाताने वजा करवावा, मदत येणार की नाही हे शेवटपर्यंत सांगू नये. आणि भुयारातील दारूने बुरूज उडाला म्हणजे खेळ आटोपता घेऊ नये, कारण चाकणची शिबंदी त्या खिंडारात तो सारा दिवस लढत होती आणि मोगलांना ती रात्र तटाखालीच काढावी लागली होती.